एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आणि थ्रेड: साडेपाच तास मागे पडलेल्या ओळीपासून सुरुवात

लॉगमध्ये सगळीकडे १४:३२ आणि मध्येच एका ओळीवर ०९:०२. पुढची ओळ पुन्हा १४:३२. आमच्या एका सर्व्हिसमध्ये असं दिवसातून दोन-तीनदा व्हायचं. आधी सर्व्हरच्या घड्याळावर संशय घेतला, मग कंटेनरच्या इमेजवर, मग लॉग गोळा करणाऱ्या एजंटवर. शेवटी कुणीतरी वजाबाकी केली आणि फरक नेमका साडेपाच तासांचा निघाला. घड्याळ बिघडलं तर इतकं मोजूनमापून बिघडत नाही. ती ओळ भारतीय वेळेऐवजी यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) छापली जात होती, तीही फक्त काही मायक्रोसेकंदांपुरती.

कारण सापडलं ते तारखा वाचणाऱ्या एका जुन्या फंक्शनात. ते टीझेड हा टाइमझोन सांगणारा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रॅमला, बाहेरून मिळणारी ‘नाव=किंमत’ अशी सेटिंग) रिकामा करायचं, म्हणजे यूटीसी लागू व्हायचं; मग वेळ मोजणारं एमकेटाइम बोलवायचं आणि टीझेड पूर्ववत करायचं. ही युक्ती आमच्या कुणाच्या डोक्यातली नव्हती. लिनक्सच्या मॅन्युअलमध्ये टाइमजीएम या यूटीसी वेळ मोजणाऱ्या फंक्शनच्या पानावर पूर्वी हाच नमुना दिलेला असे, आणि तो उचलून जगभरच्या कोडमध्ये चिकटवला गेला आहे. एक थ्रेड (प्रोसेसमधला कामाचा एक धागा) असेपर्यंत त्यात काही वावगं नाही. दुसरा थ्रेड आला की मात्र त्या मधल्या फटीत सगळ्या प्रोसेसची वेळ बदलते.

हा लेख अशा चुका शोधण्याबद्दल आणि पुन्हा होऊ न देण्याबद्दल आहे. भर लिनक्स आणि सी लायब्ररीवर आहे, कारण रस्ट, गो, पायथन यांतलं काहीही वापरलंत तरी तळाशी बहुतेकदा गाठ तिच्याशीच पडते. फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच नेहमीच्या लिपीत करा.

पायरी १: मेमरीत नेमकं काय आहे ते बघा

नवा प्रोग्रॅम सुरू करणारा एक्झेकव्हीई हा कॉल झाल्यावर कर्नल नव्या प्रोसेसच्या स्टॅकच्या वरच्या टोकाला दोन गोष्टी ठेवतो: आर्ग्युमेंटच्या स्ट्रिंग आणि एन्व्हायर्नमेंटच्या स्ट्रिंग. प्रत्येक स्ट्रिंग ‘नाव=किंमत’ अशी सलग. त्यांच्याकडे बोट दाखवणारा पॉइंटरचा एक ॲरे असतो, त्याच्या शेवटी नल (रिकामा पॉइंटर). सी लायब्ररीतला ‘एन्व्हायरन’ हा ग्लोबल पॉइंटर सुरुवातीला या ॲरेकडेच बघत असतो. बस, इतकंच. हॅश टेबल नाही, आवृत्ती क्रमांक नाही. हा साचा १९७९च्या युनिक्स व्हर्जन ७ मधला आहे. पोझिक्स थ्रेड प्रमाणित झाले १९९५ साली. सोळा वर्षांचं हे अंतर लक्षात ठेवलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

किंमत वाचणारं गेटएन्व्ह या ॲरेवरून एकेक पॉइंटर तपासत जातं आणि नाव जुळलं की त्याच स्ट्रिंगच्या आतला पॉइंटर परत देतं. प्रत देत नाही. म्हणजे हातात आलेली किंमत आपली नसते, सामायिक मेमरीत डोकावण्याची ती एक खिडकी असते.

किंमत लिहिणाऱ्या सेटएन्व्हची गोष्ट जरा जवळून बघण्यासारखी आहे. ग्लिबसी म्हणजे बहुतेक लिनक्सवरची सी लायब्ररी. तिच्या २.४१ आधीच्या आवृत्त्यांमध्ये नवं नाव घालायचं असेल तर ॲरे एका घराने मोठा करावा लागतो. पहिल्या वेळी मूळ ॲरे स्टॅकवर असल्यामुळे त्याची हीपवर (चालू असताना मागून घेतलेल्या मेमरीत) प्रत होते. जुना तिथेच राहतो, कुणाचं काही बिघडत नाही. दुसऱ्या नव्या नावापासून मात्र रिॲलॉक (घेतलेल्या जागेचा आकार बदलणं) होतं. मोठा केलेला ॲरे दुसरीकडे हलला तर जुनी जागा मोकळी केली जाते. त्याच क्षणी एखादा थ्रेड गेटएन्व्हमध्ये जुन्या ॲरेवर चालत असेल, तर त्याच्या पायाखालची सतरंजी ओढली गेली असं समजा.

मग क्रॅश होतो का? दर वेळी नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे. मोकळा केलेला तुकडा लहान असेल, साधारण १०३२ बाइटपर्यंत, तर तो ॲलोकेटरच्या (मेमरी वाटणाऱ्या कोडच्या) टीकॅश या मोकळ्या तुकड्यांच्या साठ्यात जातो आणि त्याच्या पहिल्या सोळा बाइटांवर ॲलोकेटर स्वतःची नोंद लिहितो. ॲरेच्या पहिल्या घरात आता कुठल्याही स्ट्रिंगचा पत्ता उरत नाही. ग्लिबसी २.३२पासून ही नोंद मुद्दाम गिचमिड करून ठेवली जाते, त्यामुळे तो पत्ता हमखास भलतीकडचा निघतो आणि गेटएन्व्ह तिथे वाचायला गेलं की सेगफॉल्ट, म्हणजे क्रॅश. तुकडा मोठा असेल तर त्याच दोन घरांत ॲलोकेटरच्या आतल्या याद्यांचे पत्ते येतात. ते वाचता येण्याजोगे असतात, म्हणून क्रॅश होत नाही, फक्त नाव जुळत नाही. उरलेली घरं बरेचदा जशीच्या तशी असतात, त्यामुळे पुढे शोध यशस्वीही होतो! तीच चूक, तोच कोड, आणि एन्व्हायर्नमेंटमध्ये दीडशे नोंदी असलेलं मशीन महिनोन् महिने सुरळीत चालतं, तर चाळीस नोंदींचा छोटा कंटेनर मान टाकतो. “माझ्याकडे तर चालतं” हे वाक्य इथे शंभर टक्के खरं असू शकतं.

आहे त्या नावाची किंमत बदलणं ग्लिबसीत तुलनेने कमी धोक्याचं आहे. नवी स्ट्रिंग तयार होते, घरातला पॉइंटर बदलतो, जुनी स्ट्रिंग मोकळी केली जात नाही. थोडी मेमरी वाया जाते, ती मुद्दाम सोडलेली आहे. पण अल्पाइन या छोट्या लिनक्सवर मसल ही सी लायब्ररी असते आणि ती सेटएन्व्हने स्वतः तयार केलेली जुनी स्ट्रिंग मोकळी करते. आत कुलूपही लावत नाही. तेव्हा उबंटूवर तपासून अल्पाइनच्या इमेजमध्ये टाकलेला कोड आता वेगळ्याच नियमांनी खेळतो आहे हे ध्यानात असू द्या.

नाव काढून टाकणाऱ्या अनसेटएन्व्हचा दोष आणखी वेगळा. ते मधलं घर काढून पुढची सगळी घरं एकेक जागा मागे सरकवतं. वाचणारा थ्रेड पाचव्या घरावर असेल आणि त्याला हवं ते सहाव्यात असेल, तर सरकल्यावर ते पाचव्यात येतं. वाचणारा सहाव्याकडे निघून जातो. नाव अस्तित्वात असून गेटएन्व्ह नल देतं. क्रॅश नाही, एरर नाही. प्रोग्रॅम गुपचूप डिफॉल्ट किंमत उचलून पुढे जातो.

आणि पुटएन्व्ह? ते आपण दिलेली स्ट्रिंग प्रत न करता तशीच ॲरेत लावतं. ती फंक्शनच्या स्थानिक बफरमध्ये असेल तर थ्रेड एकच असला तरी बोंब आहे. ते वापरू नका, एवढं पुरे.

पायरी २: न विचारता वाचणारे कोण ते ओळखा

“आमच्या कोडमध्ये गेटएन्व्ह फक्त सुरुवातीला आहे” हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे आणि एकदा स्वतःही म्हटलं आहे. आपण बोलवत नसलो तरी लायब्ररी बोलवतात. गेटॲड्रइन्फो होस्टचं नाव सोडवायला (त्याचा आयपी पत्ता शोधायला) बसलं की रिझॉल्व्हर सुरू करताना लोकलडोमेन आणि रेस_ऑप्शन्स वाचतं. एमकेटाइम, लोकलटाइम, एसटीआरएफटाइम टीझेड वाचतात. गेटटेक्स्ट भाषांतर शोधताना लँग्वेज बघतं. सेटलोकेल एलसी_ऑल आणि लँग बघतं. नेटवर्कवरून डेटा आणणारं लिबकर्ल प्रॉक्सीची नावं वाचतं. टीएलएस (सुरक्षित जोडणी) सांभाळणारं ओपनएसएसएल प्रमाणपत्रांची जागा ठरवताना एसएसएल_सर्ट_फाइल आणि एसएसएल_सर्ट_डिर वाचतं.

थोडक्यात, नेटवर्कवर बोलणारा किंवा वेळ छापणारा कुठलाही थ्रेड हा एन्व्हायर्नमेंटचा वाचक असतो. तो कधी वाचेल ते आपल्या हातात नाही. म्हणून वाचकांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. लिहिणारे शोधायचे.

लोकलटाइम_आरबद्दल एक खास इशारा. शेवटचं ‘आर’ बघून आपण निर्धास्त होतो. उत्तर ठेवायची जागा प्रत्येक थ्रेडची वेगळी असते, एवढंच ते वचन आहे. कोणत्या टाइमझोनचे नियम सध्या लागू आहेत ही माहिती अख्ख्या प्रोसेसची एकच. आमची लॉग लायब्ररी लोकलटाइम_आरच वापरत होती. दुसऱ्या थ्रेडने टीझेडसेट बोलवून यूटीसीचे नियम भरले की तिलाही यूटीसीच मिळायचं.

पायरी ३: लिहिणाऱ्यांना पकडा

आधी स्वतःच्या कोडमध्ये सेटएन्व्ह, पुटएन्व्ह, अनसेटएन्व्ह, क्लिअरएन्व्ह ही चार नावं ग्रेप करा. एन्व्हायरन या पॉइंटरला थेट हात लावणारं कुणी आहे का तेही बघा. मग लायब्ररींकडे वळा: प्रत्येक शेअर्ड ऑब्जेक्टवर एनएम हे टूल डायनॅमिक सिम्बॉलच्या पर्यायासह चालवा आणि ‘यू’ म्हणजे बाहेरून आयात केलेल्या नावांत ही चार आहेत का ते तपासा. संपूर्ण डिपेंडन्सी यादीवर हे चालवायला छोटं लूप पुरतं. आमच्याकडे चाळीसएक लायब्ररींतून पाच लायब्ररींची नावं आली. त्यांतल्या तीन फक्त सुरुवातीला लिहीत होत्या.

यादीत नाव असणं म्हणजे चालू असताना लिहिणं नव्हे. ते ठरवायला जीडीबी या डीबगरमध्ये या चारही फंक्शनांवर ब्रेकपॉइंट लावा, त्याला ‘बॅकट्रेस (कुणी कुणाला बोलवलं त्याची यादी) छाप आणि पुढे चल’ असे कमांड जोडा आणि सर्व्हिसला नेहमीचं काम द्या. प्रॉडक्शनवर जीडीबी लावणं कुणाला पटत नाही, आणि योग्यच आहे. तिथे बीपीएफट्रेस या टूलने लिबसीतल्या (सी लायब्ररीतल्या) सेटएन्व्हवर यूप्रोब, म्हणजे फंक्शनवरची टेहळणी, लावून यूजर स्टॅक छापता येतो. भार नगण्य असतो, कारण हे फंक्शन मुळात क्वचितच चालतं.

इथे दोन ठिकाणी फसगत होते. प्रॉक फाइलसिस्टीममधली त्या प्रोसेसची ‘एन्व्हायरन’ फाइल ही एक्झेकच्या वेळची मूळ जागा दाखवते; नंतर सेटएन्व्हने घातलेलं तिच्यात दिसत नाही. तिथे नाव नाही म्हणून कुणी लिहिलंच नाही असा निष्कर्ष काढू नका. दुसरं, जीडीबीचं ‘शो एन्व्हायर्नमेंट’ हे जीडीबी प्रोग्रॅम सुरू करताना त्याला जे देणार ते दाखवतं, चालू प्रोसेसच्या आतलं नव्हे. चालू स्थिती हवी असेल तर एन्व्हायरन पॉइंटरचीच पहिली वीस-तीस घरं छापून बघा.

कोअर डंप (क्रॅशच्या क्षणीच्या मेमरीची फाइल) हाती असेल तर सगळ्या थ्रेडचे बॅकट्रेस एकदम काढा. क्रॅश झालेला थ्रेड गेटएन्व्हच्या आत आणि त्याच्या वर गेटॲड्रइन्फो किंवा एमकेटाइम, असं चित्र दिसलं तर शंका बळावते. लिहिणारा थ्रेड मात्र बहुधा तोवर काम आटोपून निघून गेलेला असतो. घटनास्थळी फक्त बळी सापडतो. म्हणूनच नाव सोडवणाऱ्या किंवा टीएलएसच्या लायब्ररीला उगाच दोष दिला जातो. थ्रेडमधली शर्यत (एकाच मेमरीवर एकाच वेळी वाचणं-लिहिणं) पकडणाऱ्या थ्रेडसॅनिटायझरवरही पूर्ण भरवसा टाकू नका. सी लायब्ररीचा स्वतःचा कोड त्याच्या निरीक्षणासह कंपाइल केलेला नसतो, त्यामुळे तिच्या पोटात चाललेली शर्यत त्याच्या नजरेतून सुटू शकते.

पायरी ४: आवृत्ती तपासा, पण तिच्यावर विसंबू नका

एलडीडी या कमांडला ग्लिबसीची आवृत्ती विचारा. जानेवारी २०२५मध्ये आलेल्या ग्लिबसी २.४१ मध्ये गेटएन्व्ह बरंच सुधारलं: जुने ॲरे आता मोकळे केले जात नाहीत, त्याऐवजी ॲरे टप्प्याटप्प्याने मोठा होतो आणि वाया जाणारी मेमरी मर्यादित राहते. सेटएन्व्ह, अनसेटएन्व्ह, पुटएन्व्ह चालू असताना गेटएन्व्ह बोलवलं तरी ते कोसळत नाही. उत्तम काम आहे, खूप आधी व्हायला हवं होतं.

पण उबंटू २४.०४वर २.३९ आहे, डेबियन १२वर २.३६, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९वर २.३४. यांच्यावर चालणारे सर्व्हर अजून कित्येक वर्षं जागेवर असणार. शिवाय एन्व्हायरनवर स्वतः लूप फिरवणाऱ्या किंवा त्यात थेट लिहिणाऱ्या कोडला ही सुधारणा पुरेसं संरक्षण देत नाही.

आणि मुख्य म्हणजे आमच्या त्या साडेपाच तासांच्या ओळीला २.४१ने काहीही फरक पडला नसता. तिथे एकही पॉइंटर चुकीचा नव्हता. टीझेड खरोखरच त्या क्षणी रिकामा होता. वाचणाऱ्याने जे होतं ते बरोबर वाचलं. मेमरी सुरक्षित, उत्तर चुकीचं. क्रॅश थांबवणं आणि घोळ थांबवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

पायरी ५: “आपण एक म्युटेक्स लावू” हा मोह टाळा

हे प्रत्येक चर्चेत निघतं. आपल्या गेटएन्व्ह आणि सेटएन्व्हभोवती म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) घातला तर आपल्या कोडपुरतं ठीक. पण गेटॲड्रइन्फोच्या पोटातल्या गेटएन्व्हला आपला म्युटेक्स माहीत नाही. दाराला कुलूप आणि खिडकी सताड उघडी. रस्टच्या स्टँडर्ड लायब्ररीनेही अगदी हेच केलं होतं. आत रीड-राइट लॉक होतं, आहे, पण ते रस्टच्याच कोडला लागू. टाइम आणि क्रोनो या दोन लोकप्रिय क्रेटवर (रस्टमधल्या लायब्ररींवर) सुरक्षा सूचना निघाल्या त्या याच फटीमुळे: क्रेट सी लायब्ररीचं लोकलटाइम_आर बोलवत होते, ते टीझेड वाचत होतं आणि लॉक बाजूलाच राहत होतं. क्रोनोने पुढे टाइमझोनच्या फाइली रस्टमध्येच वाचायला सुरुवात केली; टाइम क्रेटने अनेक थ्रेड असताना स्थानिक ऑफसेट द्यायचंच नाकारलं. शेवटी रस्ट १.८५ सोबत, फेब्रुवारी २०२५मध्ये आलेल्या २०२४च्या एडिशनमध्ये सेट_व्हार आणि रिमूव्ह_व्हार ‘अनसेफ’ ठरले. ज्या भाषेचं ब्रीदच सुरक्षितता, तिने हात टेकले.

पायरी ६: लिहायचं असेल ते पहिल्या थ्रेडच्या आधी

नियम सोपा आहे: प्रोसेसमध्ये एकच थ्रेड असेपर्यंत काय लिहायचं ते लिहा, त्यानंतर हात लावू नका. अडचण आहे ती ‘एकच थ्रेड’ कधीपर्यंत असतो हे ओळखण्यात. मेनची पहिली ओळ म्हणजे सुरुवात, असं आपण धरून चालतो. रस्टमधल्या टोकियो या लायब्ररीचा मेन मॅक्रो वापरलात तर तुमच्या पहिल्या ओळीआधीच रनटाइम उभा राहिलेला असतो, त्याचे कामगार थ्रेड फिरत असतात. तिथे लिहिलेला सेट_व्हार उशिरा आलेला आहे. उपाय: साधं मेन लिहा, त्यात व्हेरिएबल ठेवा, मग रनटाइम स्वतः बांधा आणि काम त्याच्याकडे द्या. सी++ मध्ये ग्लोबल ऑब्जेक्टचे कन्स्ट्रक्टर मेनच्या आधी चालतात. एखाद्या लायब्ररीने तिथेच आपला पार्श्वभूमीचा थ्रेड सुरू केलेला असू शकतो.

अंदाज करत बसू नका, मोजा. प्रॉकमधल्या ‘सेल्फ’खालच्या ‘टास्क’ डिरेक्टरीत प्रत्येक थ्रेडची एक नोंद असते. लिहिण्याच्या ठीक आधी त्या मोजायच्या. एकाहून जास्त असतील तर डीबग बिल्डमध्ये सरळ ॲबॉर्ट.

त्याहून स्वच्छ मार्ग म्हणजे प्रोसेसच्या आत लिहायचंच नाही. सिस्टमडीच्या युनिट फाइलमध्ये, कंटेनरच्या व्याख्येत किंवा दोन ओळींच्या शेल स्क्रिप्टमध्ये व्हेरिएबल ठरवा. किंमत चालू झाल्यावरच कळते असं असेल, तर स्वतःलाच पुन्हा एक्झेक करा: सुरुवातीला किंमत शोधा, नवा ॲरे बांधा, एक खूण म्हणून आणखी एक व्हेरिएबल टाका आणि एक्झेकव्हीईने तोच प्रोग्रॅम नव्याने सुरू करा. खूण दिसली की दुसऱ्या फेरीत हे सगळं वगळा. ऐकायला ओबडधोबड वाटतं, पण अनेक थ्रेड आधीच सुरू असले तरी हे चालतं, कारण एक्झेक बाकीचे थ्रेड संपवून पाटी कोरी करतं.

पायरी ७: एकदाच वाचा, आपल्या घरात ठेवा

सुरुवातीला हवी ती सगळी नावं वाचा, स्ट्रिंगच्या प्रती करा, आकडे तिथेच आकड्यांत बदला, चुकीची किंमत असेल तर तिथेच ओरडा. हे सगळं एका न बदलणाऱ्या स्ट्रक्टमध्ये ठेवून पुढे सगळीकडे त्याचाच संदर्भ द्या. गेटएन्व्हने दिलेला पॉइंटर साठवून ठेवू नका. वर म्हटलं तसं, ती फक्त खिडकी आहे.

चालू असताना सेटिंग बदलायची असेल तर ती एन्व्हायर्नमेंटची गोष्ट राहत नाही. फाइल वाचा, नवा स्ट्रक्ट बांधा, अणुवत पद्धतीने (एका अखंड पावलात) पॉइंटर बदला. जुना स्ट्रक्ट वाचणारे संपेपर्यंत जिवंत राहील याची काळजी सी++ मधला शेअर्ड पॉइंटर किंवा रस्टमधला आर्क घेतो.

पायरी ८: लायब्ररीला चिठ्ठी नको, तोंडावर सांगा

एखाद्या लायब्ररीचं वागणं बदलायला आपण व्हेरिएबल लिहितो, म्हणजे चौकातल्या फळ्यावर चिठ्ठी लावतो आणि ती योग्य माणसानेच वाचावी अशी अपेक्षा धरतो. जवळजवळ प्रत्येक वेळी थेट सांगायची सोय असते. लिबकर्लला प्रॉक्सी त्या हँडलवरच पर्याय म्हणून देता येतो. ओपनएसएसएलला प्रमाणपत्रांची जागा कॉन्टेक्स्टवर लोड करून देता येते. लोकेलसाठी न्यूलोकेल आणि यूजलोकेल आहेत. दुसरं फंक्शन फक्त चालू थ्रेडपुरतं लागू होतं.

आणि टीझेडच्या त्या युक्तीसाठी टाइमजीएम. ते ग्लिबसीत, मसलमध्ये, बीएसडींमध्ये वर्षानुवर्षं आहे आणि सी२३ प्रमाणातही आलं आहे. आमची दुरुस्ती शेवटी उणे चौदा ओळी आणि अधिक एक ओळ इतकीच निघाली. यूटीसी सोडून तिसऱ्याच टाइमझोनमध्ये हिशेब हवा असेल तर सी++२० च्या क्रोनोमध्ये झोन हा साधा पॅरामीटर आहे. जीसीसी या कंपाइलरच्या १३व्या आवृत्तीपासून त्याची लायब्ररी सोबत मिळते.

पायरी ९: चाइल्ड प्रोसेसला स्वतःचा डबा भरून द्या

सेटएन्व्ह लिहिण्यामागे बऱ्याचदा हेतू एवढाच असतो की पुढे सुरू होणाऱ्या चाइल्डला ती किंमत मिळावी. त्यासाठी सगळ्या घराचं सामान हलवायची गरज नाही. चाइल्डसाठी वेगळा ॲरे बांधा आणि एक्झेकव्हीई किंवा पोझिक्स_स्पॉनला द्या. पायथनमध्ये सबप्रोसेसला ‘एन्व्ह’ द्या, रस्टमध्ये कमांडवर ‘एन्व्ह’, गोमध्ये सीएमडीचा ‘एन्व्ह’, जावात प्रोसेसबिल्डरचा नकाशा.

फोर्क (प्रोसेसची प्रत काढणं) आणि एक्झेकच्या मध्ये सेटएन्व्ह बोलवणं मात्र कटाक्षाने टाळा. फोर्कच्या क्षणी दुसरा एखादा थ्रेड सेटएन्व्हमध्ये असेल तर त्याचं आतलं कुलूप लागलेलं असतं. चाइल्डमध्ये तो थ्रेडच नाही. मग कुलूप उघडणार कोण? चाइल्ड कायमचं लटकतं, आणि पीएसच्या यादीत मूळ प्रोग्रॅमच्याच नावाची एक निपचित प्रोसेस दिसत राहते. ॲरे फोर्कच्या आधी, पॅरेंटमध्येच तयार करून ठेवा.

पायरी १०: तुमची भाषा काय झाकते ते जाणून घ्या

जावाने प्रश्नच ठेवला नाही: सिस्टीमचं गेटएन्व्ह न बदलणारा नकाशा देतं आणि सेटएन्व्ह मुळात नाहीच. जेएनआयमधून (जावातून सी बोलवण्याच्या सोयीतून) आलेली सी लायब्ररी मात्र गोंधळ घालू शकते. गो आपली प्रत स्वतःच्या लॉकखाली ठेवतं; पण सीगो (गोमधून सी बोलवण्याची सोय) चालू असेल तर ओएसचं सेटएन्व्ह सी लायब्ररीच्या सेटएन्व्हलाही बोलवतं, आणि मग सीकडून नाव सोडवणाऱ्या थ्रेडशी टक्कर शक्य होते. नोडमध्ये वर्कर थ्रेडला प्रोसेसच्या एन्व्हची प्रत मिळते, तिच्यातले बदल तिच्यापुरतेच.

पायथनमध्ये समजुतीचा घोळ सर्वांत जास्त. ओएस.एन्व्हायरन ही सुरुवातीला घेतलेली डिक्शनरी आहे. वाचताना तीच वाचली जाते, लिहिताना मात्र सी लायब्ररीतही लिहिलं जातं. “जीआयएल (एका वेळी एकच थ्रेड चालू देणारं पायथनचं कुलूप) आहे, काळजी नाही” असं म्हणणाऱ्याला एवढंच सांगा की सॉकेटचं गेटॲड्रइन्फो चालू असताना जीआयएल सोडलेला असतो. विंडोजच्या स्वतःच्या फंक्शनमधून किंमत आपण दिलेल्या बफरमध्ये कॉपी होऊन येते, त्यामुळे लोंबकळत्या पॉइंटरचा धोका नाही. रस्टनेही तिथे सेट_व्हार सुरक्षित असल्याचं म्हटलं आहे.

पायरी ११: टेस्टमध्ये सापळा लावा

टेस्ट हे या चुकांचं माहेरघर. रस्टचं कार्गो टेस्ट एकाच प्रोसेसमध्ये अनेक थ्रेडवर टेस्ट चालवतं. एका टेस्टने व्हेरिएबल ठेवला, दुसरीने काढला, तिसरी पडली. पुन्हा चालवली की पास. असे टेस्ट प्रत्येकी वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवा, नेक्स्टटेस्ट तेच करतं. त्याहून बरं म्हणजे किंमत पॅरामीटर म्हणून द्या, म्हणजे टेस्टला एन्व्हायर्नमेंट लागतच नाही.

सापळ्याची लायब्ररी पंचवीस-तीस ओळींत होते. सेटएन्व्ह, पुटएन्व्ह, अनसेटएन्व्ह, क्लिअरएन्व्ह या नावांची आपली फंक्शनं लिहा. प्रत्येकात आधी टास्क डिरेक्टरी मोजा. एकच थ्रेड असेल तर डीएलसिमने खरं फंक्शन शोधून त्याच्याकडे काम सोपवा, जास्त असतील तर बॅकट्रेस छापून ॲबॉर्ट करा. ही शेअर्ड लायब्ररी एलडी_प्रीलोडने सीआयमधल्या (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेतल्या) प्रत्येक टेस्टआधी चढवा. स्टॅटिक लिंक केलेल्या बायनरीवर ती चालत नाही, तेवढं लक्षात ठेवा. शर्यत प्रत्यक्ष घडण्याची वाट बघावी लागत नाही, हा तिचा फायदा. थ्रेड सुरू असताना लिहिलं एवढंच तिला पुरतं.

आम्ही ती चढवली त्या दिवशी पहिल्याच फेरीत सीआय लाल झालं. बॅकट्रेसच्या तळाशी आमचाच टेस्ट हेल्पर होता: ‘लॉगमध्ये वेळ बरोबर छापली जाते का’ हे तपासण्यासाठी तो टीझेड बदलत होता.